सांगाड्याचं यकृत

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात प्लास्टिकचे टब ओळीने मांडलेले होते आणि प्रत्येक टबात कुणाचे ना कुणाचे पाय. कारकुनांचे, शिपायांचे, शिक्षिकांचे, एका निवृत्त न्यायाधीशाचेसुद्धा. विजारी गुडघ्यापर्यंत गुंडाळलेल्या, दाराशी चपला-बुटांचा ढीग आणि आत जायला जागा नाही म्हणून रस्त्यावर उभी असलेली रांग.

"आलं! आलं!" कोपऱ्यातली एक बाई किंचाळली.

सगळ्यांच्या माना वळल्या. तिच्या टबातलं पाणी घटकेपूर्वी नितळ होतं. ते घोट्याभोवती पिवळं पडत चाललं होतं. मग तपकिरी झालं. मग वर फेस आला, फेसात काळपट कण फिरू लागले, आणि शेवटी पाणी असं झालं की मोरीलाही लाज वाटावी.

"बघा, डोळे भरून बघा!" जलगुरू तिच्या पायांशी उकिडवा बसून ओरडला. "ही वर्षानुवर्षांची घाण! हा फेस पित्ताशयाचा. हे काळे कण यकृताचे. आणि हा तांबूस रंग... ताई, सांधे धरतात ना तुमचे?"

"धरतात हो गुरुदेव, रडवतात मेले!"

"आता ते रडतील! तुम्ही हसा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. रंग कोणता, म्हणजे घाण कुठली, हे सांगणारा तक्ता भिंतीवर लावलेला होता. पिवळा म्हणजे मूत्रपिंड, तपकिरी म्हणजे यकृत, काळा म्हणजे तंबाखू, पांढरे कण म्हणजे मनातलं दुःख. दुःखालाही त्याने रंग देऊन टाकला होता.

बाकीच्या बुवांच्या पायांवर लोक डोकं ठेवतात. हा बेटा लोकांच्याच पायांशी बसायचा. अंगात डॉक्टरचा पांढरा कोट, पाय अनवाणी, आवाज मधात बुडवलेला. "शरीराची मोरी तळपायात असते, मातांनो. ऋणायन आत जातात, धनायन बाहेर येतात, आणि मधे वाहतो तो प्राणायन!" समोरचे न्यायाधीश मान डोलवत होते. आयुष्यभर दुसऱ्याच्या साक्षी तपासलेला माणूस, पण प्राणायन म्हणजे काय हे विचारायची त्याची छाती झाली नाही.

मी दाराशी हाताची घडी घालून उभी होते. मी रांगेत नव्हते. रांगेच्याही पुढे, पहिल्या टबाशी, खास गादीच्या खुर्चीवर बसली होती ती माझी धाकटी बहीण. तिच्यासाठी आले होते.

धाकटीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जायचं, हातात जाड सुया टोचून घ्यायच्या, आणि यंत्राने रक्त धुऊन परत अंगात सोडेपर्यंत छताकडे बघत पडायचं. त्याशिवाय ती जगू शकत नाही. डॉक्टरांनी हे गोड बोलून सांगितलं होतं, मी कडू बोलून सांगितलं होतं. आणि ह्या माणसाने तिला सांगितलं, "आई, ते यंत्र तुमचं रक्त काढतं. मी फक्त विष काढतो."

आधी तिने एक फेरी चुकवली. मग दोन. चेहरा सुजला, जिना चढताना धाप लागू लागली.

"विष बाहेर येताना असंच होतं, गुरुदेव म्हणाले," ती मला सांगायची.

"गुरुदेवाला म्हणावं, तुझं डोकं बाहेर येताना काय होतं ते दाखवते."

"तू नेहमी अशीच, ताई. दवाखान्यात मला नंबर आहे. तिथे मी खाट आहे नुसती. इथे तो माणूस माझे पाय हातात घेतो. नावाने हाक मारतो."

हे मात्र खरं होतं. म्हणून राग दुप्पट आला. आणि घरी परतताना मी ठरवलं की ह्या माणसाला सोडायचं नाही. मला नुसता न्याय नको होता. त्याचं तोंड त्याच्याच पाण्याच्या रंगाचं झालेलं मला बघायचं होतं.

*

माझ्या घराच्या वरच्या खोल्या मी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या मुलींना भाड्याने देते. त्यातल्या एकीला आम्ही गंजवाली म्हणतो. कारण ती गंजावर संशोधन करते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं होतं, "बाई, लोक गंज घासून काढतात आणि तू त्याची पदवी घेतेस?" तीही हसली होती. समुद्राकाठच्या पुलांचं लोखंड खाऱ्या हवेत कसं खाल्लं जातं, असलं काहीतरी तिचं काम. घरात फारशी बोलायची नाही. खाली मान, वर चष्मा.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. ती पाणी प्यायला आली आणि मी तिला सगळं सांगितलं, पाणी कसं पिवळं पडतं, कसं तपकिरी होतं, फेस कसा येतो.

"टबात आणखी काय असतं, मावशी?" तिने विचारलं.

"पवित्र समुद्राचं मीठ. आणि एक धातूचं वेटोळं, वायरीने पेटीला जोडलेलं. शक्तिकडं म्हणतो तो त्याला. म्हणे लोकांचं विष ओढून ओढून कडं दमतं, मग नवं घालावं लागतं."

"दमतं?" तिने चष्मा पुसला. "मावशी, एक बादली द्या."

तिने बादलीत पाणी घेतलं, मूठभर मीठ टाकलं, मोबाइलच्या एका जुन्या चार्जरची वायर सोलून तिची दोन टोकं दोन लोखंडी खिळ्यांना गुंडाळली आणि खिळे पाण्यात सोडले. बटण दाबलं. एका खिळ्याभोवती बुडबुडे उठले. दुसऱ्याभोवतीचं पाणी आधी हिरवट, मग पिवळं, मग तपकिरी. वर फेस आणि फेसात काळपट कण.

माझ्या घरातल्या बादलीत, कुणाचा पाय नसताना, यकृताची घाण तरंगत होती.

"मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज होतो," ती म्हणाली. "एवढंच आहे."

"एवढंच? तुला हे माहीत होतं?"

"हे तर आम्ही पहिल्या वर्षाला करतो."

"आणि सगळं शहर त्या दुकानात पाय बुचकळून बसलंय तेव्हा तू वर खोलीत बसून पूल वाचवतेस? बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं नाही, मावशी."

"ज्ञान म्हणजे काय माहेरचा दागिना आहे, कुणी लग्नाला बोलावलं तरच पेटीतून काढायला?"

ती लाल झाली. पण उठून गेली नाही, आणि तिथेच मला ती आवडली.

धाकटीला बोलावून आम्ही बादली दाखवली. मला वाटलं, झालं काम. पण माझीच बहीण ती. बादलीकडे बघून म्हणाली, "तुझ्या बादलीत खिळे गंजले. माझ्या टबात माझं विष येतं. दोन्ही तपकिरी म्हणून दोन्ही एकच का? चहापण तपकिरी असतो, ताई."

मी तोंड उघडणार, तोच गंजवाली म्हणाली, "धाकट्या मावशींचं बरोबर आहे."

"तू कुणाच्या बाजूने आहेस गं?"

"प्रश्न बरोबर आहे त्यांचा. आम्हीसुद्धा असंच अडतो. म्हणून प्रयोगशाळेत आधी रिकामी फेरी करतात. सगळं तेच ठेवायचं. तेच पाणी, तेच मीठ, तेच यंत्र. ज्याच्यामुळे होतंय असं वाटतं तेवढंच काढून घ्यायचं. तरीही तेच झालं, तर ते त्याच्यामुळे नव्हतं. त्यांच्याच टबात, त्यांच्याच पेटीवर, पाय न घालता करून बघायला हवं."

"गुरुदेव करणार नाहीत," धाकटी म्हणाली. "जिवंत शरीर नसेल तर यंत्र चालूच करायचं नसतं. आणि आता काही बघायचं उरलेलं नाही. विद्यापीठानेच त्यांना बोलावलंय. लोकांसाठी विद्यापीठ उघडणार आहेत ना, त्या दिवशी. तिथे गुरुदेव सगळ्यांसमोर सांगणार आहेत की ह्या आईंनी दवाखान्याचं यंत्र कायमचं सोडलं. मी तशी शपथ घेणार आहे."

माझ्या हातातली पळी खाली पडली.

*

विद्यापीठाने त्याला बोलावलं होतं हे खरं निघालं. दरवर्षी एक दिवस ते आपली दारं लोकांना उघडतात, प्रत्येक खातं अंगणात टेबल मांडतं. पण माणसं येत नाहीत. यंदा प्रसिद्धी खात्याच्या साहेबांना युक्ती सुचली. जिथे गर्दी असते तिथलीच गर्दी उचलून आणावी. जलगुरूला 'लोकआरोग्य' असं नाव देऊन टेबल दिलं, तेही मधोमध.

मी आदल्या दिवशी त्या साहेबांकडे जाऊन बसले.

"आजी, आमचा हेतू चांगला आहे," ते म्हणाले. "लोक आले तर विज्ञानही बघतील."

"लोक माकडाच्या खेळालाही येतात. मग माकडाला प्राध्यापक करणार का?"

"आता निमंत्रण दिलंय हो. नियम सगळ्या टेबलांना सारखेच, एवढं मात्र सांगतो."

"कुठले नियम?"

"हेच, की पाहुण्यांनी कुठलाही प्रयोग स्वतःच्या हाताने करून बघायचा. दारावर पाटीच लावतो आम्ही."

मी शहाण्यासारखी गप्प बसले. घरच्यांनी मला असं गप्प बघितलं असतं तर डॉक्टर बोलावला असता.

दुसऱ्या दिवशी अंगण फुललं होतं. एका टेबलावर सूक्ष्मदर्शक, एकावर कोट्यवधी वर्षांपूर्वीचे शिंपले, एकावर दुधातली भेसळ तपासायच्या पट्ट्या. एका टेबलाशी शरीररचनेचे मास्तर, आणि शेजारी चाकाच्या दांडीला लटकवलेला प्लास्टिकचा अख्खा सांगाडा. गंजवालीच्या टेबलावर बाटल्यांत खिळे ठेवलेले आणि समोर चिटपाखरू नाही. मधोमध मात्र जलगुरूचा मांडव, ध्वनिक्षेपक आणि माणसांचा पूर.

धाकटी खुर्चीवर बसली होती. डोळ्यांखाली सूज, ओठ फिके. पाय टबात. पाणी पिवळं पडून तपकिरी झालं होतं आणि जलगुरू ध्वनिक्षेपकावर गात होता, "ह्या आई! ह्यांच्या अंगातलं विष ह्या टबात उतरलंय! आज ह्या सगळ्यांसमोर..."

"गुरुदेव!" मी पुढे झाले आणि दोन्ही हात जोडले. "मी ह्यांची थोरली बहीण. अडाणी बाई आहे. एक शंका विचारू का?"

धाकटीने डोळे वटारले. जलगुरूला मात्र आनंद झाला. शत्रू शरण आलेला कुणाला आवडत नाही?

"विचारा आई, विचारा!"

"हा रंग माणसाच्या विषाचाच ना? दुसऱ्या कशानेच येत नाही?"

"कशानेच नाही!"

"समजा मेलेल्या माणसाचे पाय ह्यात ठेवले तर?"

"नितळ!" त्याने ध्वनिक्षेपक तोंडात घातल्यासारखा धरला. "प्राण नाही तर प्राणायन नाही! प्रेताचे पाय जन्मभर ठेवा, एक थेंबही रंगायचा नाही! हे विज्ञान आहे आई, विज्ञान!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात मी वाजवल्या.

"मग करूनच बघूया," मी म्हटलं. "मास्तर, तुमचा सांगाडा जरा देता का?"

मास्तरांना आधी कळेना. मग कळलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी विसरायची नाही. "न्या की! पाण्याने काही होत नाही त्याला." चाकं खडखडली. गर्दीने वाट दिली. सांगाडा हलत-डुलत, मान डोलवत थेट मांडवात आला.

"हा... हा अपमान आहे!" जलगुरू म्हणाला. "यंत्र तापलंय. आज होणार नाही."

"दारावर पाटी आहे," मी म्हटलं. "पाहुण्यांनी प्रत्येक प्रयोग स्वतः करून बघावा. साहेब, आहे ना पाटी?"

प्रसिद्धीवाले साहेब घामाने निथळत होते. "आहे," ते म्हणाले. "आहे, आजी."

"होऊन जाऊ दे!" मागून कुणीतरी ओरडलं. "गुरुदेव, दाखवा ह्यांना नितळ पाणी!" त्याचे स्वतःचे भक्तच ओरडत होते. त्यांना खात्री होती ना.

मी स्वतः नवा टब घेतला, नळाचं पाणी भरलं, त्याच्याच डब्यातलं मीठ टाकलं, त्याचंच कडं त्याच्याच पेटीला जोडून सोडलं. धाकटीच्या टबाला खेटून टब ठेवला. गंजवालीने सांगाड्याचे पाय उचलून अलगद पाण्यात ठेवले, पाहुण्याला पाटावर बसवावं तसे. मी बटण दाबलं.

क्षणभर काही झालं नाही. जलगुरूने श्वास सोडला.

मग त्या पांढऱ्या बोटांभोवती पाणी पिवळं पडलं. मग तपकिरी. मग फेस आला आणि फेसात काळे-पांढरे कण गरगरू लागले.

अंगणातली माणसं टबावर वाकली. मग एक पोरगी मोठ्याने म्हणाली, "आई, त्याचं यकृत किती घाण आहे!"

आणि हशा जो फुटला तो थांबेचना. मी ध्वनिक्षेपक जलगुरूच्या हातातून काढून घेतला. "गुरुदेव, तपकिरी म्हणजे यकृत ना? दाखवा बरं ह्याचं यकृत. काळे कण म्हणजे तंबाखू. कुठल्या तोंडाने खाल्ली ह्याने? आणि हे पांढरे कण... ह्याच्या मनात कसलं दुःख आहे हो? तुमच्या शेजारी बसावं लागलं ह्याचं?"

तो काही बोलत होता, पण मधात बुडवलेला आवाज आता घशातच चिकटला होता.

मग मी ध्वनिक्षेपक गंजवालीच्या तोंडाशी धरला. तिने धाकटीच्या टबातलं वापरलेलं कडं एका हातात धरलं आणि जलगुरूच्या खोक्यातलं कोरं कडं दुसऱ्या हातात. वापरलेलं कडं खाल्लेल्या काटकीसारखं बारीक, खडबडीत झालं होतं. "कडं दमलेलं नाही," ती म्हणाली. "कडं लोखंडाचं आहे. मिठाच्या पाण्यातून वीज गेल्यावर ते विरघळलं. जेवढं इथून कमी झालं, तेवढं तुमच्या टबात तरंगतंय. याला गंज म्हणतात. मी रोज हाच बघते."

मी धाकटीकडे बघितलं. ती हसत नव्हती. आपल्या टबाकडे बघत होती, मग सांगाड्याच्या टबाकडे.

"पण माझ्यातलं विषही असेल ना त्यात," ती हळू म्हणाली. "थोडं तरी."

तिच्यापुढे गंजवाली गुडघ्यावर बसली. "दवाखान्याचं यंत्र तुमच्या रक्तातून युरिया काढतं, मावशी. दुधात कुणी युरिया मिसळला का, हे त्या टेबलावर पट्टीने तपासतात. विचारूया त्यांना?"

दुधाच्या टेबलावरच्या बाई पट्ट्या घेऊन आल्या. आधी युरिया घातलेल्या दुधात पट्टी बुडवली, तिचा रंग बदलला. मग धाकटीच्या टबातलं पाणी कागदातून गाळलं. सगळा तपकिरी गाळ कागदावर राहिला, खाली स्वच्छ पाणी आलं. त्यात पट्टी बुडवली.

पट्टी होती तशीच राहिली.

धाकटीने ती हातात घेतली, उलटून बघितली. मग टबातून पाय काढले. सुजलेले, गंजाने माखलेले पाय. "म्हणजे सगळं आतच आहे," ती म्हणाली. "इतक्या दिवसांचं." आणि तिने जलगुरूकडे बघितलं. "तुम्हाला माहीत होतं?"

तो उलट्या पावलांनी मागे सरकला. तेवढंच उत्तर.

मांडवामागून सटकायचा त्याचा बेत होता. दोघा-तिघांनी कॉलर धरली, एकाने हात उगारला. मीच ओरडले, "मारायचं नाही! मारलंत तर उद्या हाच जखमा दाखवून देव होईल. रांग कुठे गेली? लावा रांग!" आणि मी त्याला त्याच्याच खुर्चीवर, सांगाड्याशेजारी बसवलं. ज्याने ज्याने त्याच्या टबात पाय घातले होते त्या प्रत्येकाने येऊन स्वतः बटण दाबायचं, आणि दरवेळी ह्याने पाणी बदलून द्यायचं. न्यायाधीश महाराजही आले. बटण दाबून म्हणाले, "हे मी आधीच मागायला हवं होतं." खोक्यातली कडी संपेपर्यंत तो टब भरत होता आणि लोक त्याला विचारत होते, "गुरुदेव, हे कुणाचं पित्ताशय?" संध्याकाळी धाकटीची अवस्था बघून दवाखान्याच्या डॉक्टरांनी तक्रार दिली आणि पोलीस त्याला घेऊन गेले. मला कणव आली का, असं गंजवालीने नंतर विचारलं. मुळीच नाही. आणखी टब असते तर तेही भरून घेतले असते.

धाकटी मात्र मांडव उठायच्या आधीच गाडीत जाऊन बसली होती. मी दार उघडलं तर म्हणाली, "दवाखान्यात घेऊन चल. आणि माझ्याशी बोलू नकोस. चारचौघांत माझं हसं केलंस."

त्या दिवशी डॉक्टरांनी तिला तिथेच ठेवून घेतलं. म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हृदयाने साथ सोडली असती. आता ती ठरल्या दिवशी यंत्रावर जाते. मी शेजारी बसते आणि ती भिंतीकडे तोंड करते. धरू दे अबोला. अबोला धरायलाही माणूस जिवंत लागतं. आणि पाय हातात घ्यायला तिला जलगुरू का हवा होता, ते मला आता कळलंय. ती भिंतीकडे बघत असते तेव्हा मी तिचे पाय चेपते. ती काढून घेत नाही.

गंजवालीभोवती आता माणसं असतात. दर महिन्याला ती माझ्या अंगणात बादली घेऊन बसते, येईल त्याला करून दाखवते. विद्यापीठातल्या बाकीच्या शहाण्यांना माझं हेच सांगणं आहे. तुम्ही गप्प बसलात की तुमची खुर्ची रिकामी राहत नाही, तिथे पांढरा कोट घालून दुसरा कुणीतरी येऊन बसतो.

आणि ज्यांना कुणी गुरुदेव भेटेल त्यांना सांगते. त्याच्याशी वाद घालू नका, त्याच्याकडे शब्द तुमच्यापेक्षा जास्त असतात. डॉक्टरने दिलेलं औषध तर त्याच्या शब्दावर मुळीच सोडू नका. एवढंच म्हणा, ज्याच्यामुळे हे घडतं म्हणतोस ते बाजूला काढ, बाकी सगळं तसंच ठेव, आणि माझ्या हाताने मला करू दे. खरा असेल तो स्वतःच सरकून जागा देईल. खोटा असेल त्याचं यंत्र नेमकं तेव्हाच तापतं.